गाडी किन्हवलीला अडकलीय

माणसाची पहिली भेट समोरासमोर होते, असा माझा साधा समज होता. बाळाराम आबा माझ्याशी पहिल्यांदा बोलले ते छतातून.

मी तेव्हा मुरबाडच्या एका शाळेत मराठी शिकवायचो आणि लग्नसराईत माईक धरायचो. देवाने आवाज मोठा दिलाय आणि लाज बेताची. निवेदकाला आणखी काय लागतं? शहापूर रस्त्यावरच्या शेटच्या मंगल कार्यालयात माझं ते पहिलंच लग्न. स्टेजवर उभा राहून स्वागताला तोंड उघडलं, तोच माझ्या डोक्यावर घुमता आवाज आला, "ओ माईकवाले! तो गुलाबी पडदा जाळीवरनं काढा. मशीनचा श्वास कोंडतोय."

मी वर पाहिलं. भटजींनीही वर पाहिलं आणि सवयीने हात जोडले. स्टेजच्या वर छताला एक मोठी जाळी होती, ती डेकोरेशनवाल्याने हौसेने सॅटिनच्या कापडाने झाकली होती. कापड ओढून काढलं, तसा आवाज म्हणाला, "हां. आता बोला काय बोलायचं ते."

"घाबरू नका गुरुजी," शेट हसत म्हणाले. "आमचे आबा आहेत. गच्चीवर असतात."

'असतात' हे क्रियापद शेटनी किती नेमकं वापरलं होतं, ते मला पुढे कळलं.

पाठवणी झाल्यावर आबा खाली आले. काटकुळा देह, उन्हाने भाजून निघालेला, कानावर सुताराच्या पेन्सिलीसारखा टेस्टर आणि डावा हात पँटच्या खिशात. मी नमस्कार केला. त्यांनी उजव्या हाताने अर्धाच नमस्कार परत केला. मला वाटलं, माणूस शिष्ट दिसतोय.

"शिष्ट नाय ओ," आबा म्हणाले, जणू मी ते मोठ्याने बोललो होतो. "दोन हात लावले का करंट एका हातानं शिरतो न् दुसऱ्यानं निघतो. मधी काळीज हाय. म्हनून एक हात कायम खिशात."

वाशिंदच्या एका कारखान्यात वायरमनच्या हाताखाली असताना ही सवय लागली ती लागलीच. पॅनल समोर असो वा जिलेबीचं ताट, डावा हात खिशातच. टाळी वाजवायची वेळ आली तर उजव्या हाताने स्वतःच्या मांडीवर वाजवत.

आता त्या मशीनबद्दल सांगायला हवं, कारण आबांचा सगळा संसार त्याच्याशी होता. शेणव्याला घरी काकू होत्या, पण त्या सवत असल्यासारख्या. घरातल्या एसीचे दोन तुकडे असतात, एक आत, एक बाहेर. हे धूड एकसंध. टेम्पोएवढी पत्र्याची पेटी, क्रेनने उचलून गच्चीवर ठेवलेली, आणि तिच्या पोटातून हॉलच्या छतात उतरलेले पत्र्याचे दोन चौकोनी बोगदे. एकातून गारवा खाली येतो, दुसऱ्यातून तापलेली हवा वर परत जाते. या दुसऱ्या बोगद्याचं झाकण उघडून आबा बोलत. परक्या गावची वऱ्हाडी मंडळी दचकत, आम्ही नाही.

मशीन बसलं तेव्हा ठाण्याहून इंजिनियर आला होता. तीन जाड वायरी, अर्थिंग, मशीनपासून हात पोचेल एवढ्यावर मेन स्विच, हे सगळं आबांनी आधीच करून ठेवलेलं. इंजिनियरने आतल्या बारीक वायरी जोडल्या, दाराच्या आतल्या बाजूला इंग्रजी नकाशा चिकटवला, 'एन्जॉय' म्हणाला आणि गेला. तो नकाशा महिन्याभरात गांधीलमाश्यांनी कुरतडला आणि उरलेल्या भागावर पोळं बांधलं.

मग आबांनी स्वतःचा नकाशा केला. उरलेल्या लग्नपत्रिकांच्या बारीक पट्ट्या कापल्या, त्यांवर शहापूर-मुरबाड रस्त्यावरच्या गावांची नावं ओळीने लिहिली आणि एकेका वायरीला दोऱ्याने बांधली. पॅनलचं दार उघडलं की आत सोनेरी गणपतींचे तुकडे लोंबत आणि त्यांच्या पाठीवर शहापूर, शेणवा, किन्हवली, सरळगाव, मुरबाड.

"जाड वायरीतला करंट म्हंजे रेडा," आबांनी मला शिकवलं होतं. "त्याला आत सोडायचा का नाय, ते ठरवतो बारीक वायरीतला करंट. तो ह्या रस्त्यानं येतो. शहापूरला गाडीत बसला. शेणव्याला भिंतीवरची डबी इचारते, हॉल तापलाय का? तापलाय, तर जा पुढं. किन्हवलीला इचारतात, मशीनच्या पोटात दाब बरा हाय का? बरा हाय, जा. सरळगावला बघतात, तिन्ही फेज क्रमानं हायेत का? मग मुरबाड. मुरबाडला गाडी पोचली का खटका बसतो, रेडा आत."

"आणि मध्येच कुणी नाही म्हणालं तर?"

"तर गाडी अडकली! टेस्टर घ्यायचा न् कुठं अडकली ते बघायचं. सोपं हाय."

सोपं होतं, आबांना. ठाण्याचा इंजिनियर फोनवरून विचारायचा, "वाय वन पे सप्लाय है क्या?" आबा म्हणायचे, "वाय बिय नाय सायब. शेणव्यापर्यंत हाय, किन्हवलीला नाय." पलीकडून प्रश्न, "किन्हवली कौन है?"

पण त्या इंजिनियरला हसायचा अधिकार मला नाही, कारण त्याच्याहून मोठी फजिती मी केली आहे. माझं तिथलं दुसरं की तिसरं लग्न. शेजारच्या भातगिरणीचा कोंडा उडून मशीनच्या बाहेरच्या जाळीवर बसला, पोटातला दाब वाढला आणि मशीन बंद पडलं. छतातून आबा ओरडले, "गाडी किन्हवलीला अडकलीय! अर्धा तास लागंल!"

मी नवा. मुहूर्त तोंडावर. माईक हातात. मी डोळे मिटून, आवाजात जेवढी म्हणून कळकळ आणता येईल तेवढी आणून जाहीर केलं, "उपस्थित आप्तेष्टहो, कळवण्यास अत्यंत खेद होतो, की वराची गाडी किन्हवलीला अडकली आहे."

नवरीची आई मटकन खाली बसली. नवरीचे दोन मामा दोरखंड घेऊन जीपने किन्हवलीकडे सुटले. नवरदेव माझ्या मागेच उभा राहून मुंडावळ्या बांधून घेत होता. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि भेदरून विचारलं, "कंची गाडी ओ? माझी?"

मामा परतले तेव्हा तिसरी पंगत चालू होती. किन्हवलीतल्या प्रत्येक गॅरेजात त्यांनी चौकशी केली होती. आबांना हे कळलं तेव्हा ते इतके हसले, की पोट धरायला डावा हात खिशातून बाहेर काढावा लागला. पुढे ते वाक्य मुरबाडच्या बाजारात गेलं. कुणाची सोयरीक रखडली, कुणाचा सातबारा तलाठ्याकडे पडून राहिला, की लोक म्हणायचे, "गाडी किन्हवलीला अडकलीय!" आणि आबांच्या नावाने हसायचे. आबांनाही ते आवडे.

त्या पट्ट्यांनी एक मात्र झालं. मशीन आबांखेरीज कुणाला उघडता येईना, आणि मग शेटना आबांना सोडता येईना. शेट माणूस वाईट नव्हता. 'आबा, आबा' करत मागे फिरायचा. पण लग्नाची तारीख असली की आबा गच्चीवर हवेतच. बिघाड असो वा नसो. भाच्याचं बारसं राहिलं, म्हशाची जत्रा सुटली, मेहुणा आजारी पडून बरा झाला तरी भेट नाही.

त्यात ती कडी. गच्चीच्या जिन्याला खाली, भटारखान्याच्या बोळात, लोखंडी दार होतं. लग्नातली पोरं वर जाऊन मशीनशी खेळतात म्हणून आबा वर गेले की आचारी बाहेरून कडी घालायचे. अक्षता, जेवणं, पाठवणी झाली की काढायचे. आबांचं ताट दोरीने वर जायचं.

"कंटाळा नाही येत?" मी एकदा विचारलं होतं.

"लग्नं लय ऐकली, गुरुजी. पाह्यलं एक पन नाय. मधी स्लॅब." मग डोळे मिचकावून, "पन बोगद्यातनं सगळं कळतं. नवरीच्या मागं उभ्या बायकांत खरी कोन रडते न् कोन नुसती नाक ओढते, ते पन."

दुसऱ्या एका दुपारी मशीनच्या वीतभर सावलीत बसून त्यांनी मला आणखी एक गोष्ट सांगितली. "लोकांना वाटतं मशीन गारवा बनवतं. गारवा कुठं बनतो? खालचा ताप उचलायचा न् वर आणून टाकायचा. एवढंच करतं ते." पंख्यातून भट्टीसारखी हवा बाहेर येत होती, ती अंगावर घेत ते म्हणाले, "न् वर मी."

त्यांच्या मुलीचं, सुगंधाचं लग्न ठरलं. ती वाशिंदला एका कंपनीत पॅकिंगला जायची; मुलगा खर्डीचा, शांत, चांगला. आबांच्या मनात शेणव्याला घरापुढे मांडव घालायचं होतं. शेटनी ऐकलं आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "आबा, तुमची पोर ती माझी पोर. हॉल माझ्याकडून." काकू हरखल्या, खर्डीची मंडळी हरखली. आबांना 'नको' म्हणायला कारण सापडेना. जे होतं ते सांगण्यासारखं नव्हतं. मला मात्र त्यांनी कोपऱ्यात घेऊन सांगितलं, "गुरुजी, एवढं एक लग्न मला बघायचंय. समोर उभा राहून."

त्यासाठी ते झटले. त्या दिवसापुरता शहापूरहून दुसरा वायरमन बोलावला. त्याने पॅनलचं दार उघडलं, गणपतींचे तुकडे वाचले आणि दार लावून टाकलं. "आबा, हे जंगल तुमचं. यात मी हरवेन." मग आबांनी पट्ट्या बदलून एक, दोन, तीन असे आकडे घालायचं ठरवलं. दोन दिवस खपले आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच चुकले. मशीन चालू करायला गेले तर नुसता पंखा फिरला. शेवटी सगळी गावं परत बांधली. "जाऊ दे," म्हणाले. "बिघडलं तर बिघडलं. त्या दिवशी मी खाली."

आदल्या संध्याकाळी वळवाचं वादळ झालं. झाड पडून तारा तुटल्या, लाईनमनने सकाळी जोडल्या. अकराला हॉल माणसांनी भरला आणि मशीन गप्प. त्या हॉलला उघडायची खिडकी नाही, छताला पंखा नाही. सगळा भरवसा गच्चीवर. दहा मिनिटांत लोक पत्रिकांनी वारा घ्यायला लागले, खर्डीच्या एका म्हातारीला खुर्चीसकट बाहेर नेलं.

आबा नव्या झब्ब्यात, टोपी घालून, कपाळाला हळद लावून स्टेजपाशी उभे होते. शेट हात जोडून आले.

"आबा, पाच मिनिटं."

"शेट, आज नाय. मी सांगितलं व्हतं."

"तुमचेच व्याही घामानं भिजलेत हो. पाच मिनिटं. मुहूर्ताला अजून वेळ आहे."

आबांनी सुगंधाच्या खोलीकडे पाहिलं, मग व्याह्यांकडे. फोन काकूंच्या हातात दिला, टेस्टर घेतला आणि गेले. आचाऱ्याने त्यांच्या मागे कडी घातली. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. सवय.

छतातून आवाज आला, "गाडी सरळगावला हाय! तारा जोडताना दोन फेजची अदलाबदल केलीय!" थोड्या वेळाने मेन स्विचचा खटका, पुन्हा खटका, आणि मशीन घरघरलं. गारवा उतरला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही माईकवरून आबांचं कौतुक केलं, जरा अलंकारिकच. मुहूर्त आला. मामाने सुगंधाला स्टेजवर आणलं. अंतरपाट धरला. भटजींनी पहिलं मंगलाष्टक सुरू केलं. कुणीतरी विचारलं, "आबा?" कुणीतरी म्हणालं, "येतायत." मी माणूस पाठवायला हवा होता. मी दुसऱ्या मंगलाष्टकाला सूर धरला.

आबा त्या वेळी बंद दारावर लाथा मारत होते. बोळात चार भट्ट्या भडकलेल्या आणि बाहेर बँड. कुणाला ऐकू जाणार? म्हणून ते पुन्हा वर धावले आणि त्यांनी मशीन बंद केलं. मशीन थांबलं की कुणीतरी आपल्याला शोधत येतं, एवढं त्यांना नक्की ठाऊक होतं.

तिसऱ्या मंगलाष्टकात गारवा थांबला. सगळ्यांनी वर पाहिलं. शेट मागे वळून समाधानाने म्हणाले, "काळजी नको. आबा वरच आहेत." आणि कुणीही हललं नाही.

मग बोगद्यातून आबांचा आवाज आला. मशीन बंद असल्याने तो स्वच्छ आला, पण मधेच अक्षतांचा गलका, बँडचा ठोका. शेवटचा शब्द तेवढा सगळ्यांच्या कानी पडला. आणि हॉल हसला. सगळा हॉल! मुरबाडचे लोक खर्डीच्या पाहुण्यांना समजावू लागले, "गाडी अडकलीय म्हणतायत. त्यांची भाषाच तशी आहे." शेट हसले, काकू पदर तोंडाला लावून हसल्या. मी तर माईकवर म्हणालो, "आबांची गाडी पुन्हा किन्हवलीला!" आणखी हशा. भटजी चौथ्याकडे वळले. पाचवं शेवटचं होतं.

"थांबा ओ!"

सुगंधा. अंतरपाटाच्या पलीकडून नवरदेवाचं डोकं वर आलं.

"काय गो?" काकू म्हणाल्या. "मुहूर्त जातोय."

"जाऊ दे. नीट ऐका जरा. बाबा 'अडकलीय' नाय म्हनत. 'अडकलोय' म्हनतायत. अडकलोय!"

हॉल गप्प झाला. त्या शांततेत वरून पुन्हा आवाज आला, आता घोगरा, थकलेला. "सुगंधा गो... मी अडकलोय."

मी मराठीचा मास्तर. वर्षानुवर्षं फळ्यावर क्रियापदांची रूपं लिहितो. ते रूप माझ्या कानावरून गेलं होतं आणि मी त्यावर विनोद केला होता.

सुगंधाने हातातला हार नवरदेवाच्या बहिणीकडे दिला, शालू दोन्ही हातांनी गुडघ्याएवढा उचलला आणि स्टेजवरून उतरली. तिच्यामागे नवरदेव निघाला, त्याच्यामागे भटजी, मग आम्ही सगळे. भटारखान्याच्या बोळात आचारी झारे घेऊन उभेच राहिले. तिने कडी ओढली. आबा शेवटच्या पायरीवर बसले होते. झब्ब्याची पाठ घामाने काळी, टोपी हातात.

"झाल्या अक्षता?" त्यांनी विचारलं.

"तुमच्याबिगर कशा पडतील?" ती म्हणाली. "उठा."

भटजींनी पहिल्यापासून सुरुवात केली. त्यांची कुरकुर माईकने पकडली, पण मी मध्ये बोललो नाही. मशीन बंदच राहिलं. आबा समोर उभे होते, आणि सगळा हॉल घामाघूम होऊन त्यांच्याकडे बघत होता. ते फक्त मुलीकडे बघत होते.

नंतर सुगंधा शेटना म्हणाली, "काका, ती कडी आजच काढा." शेट ओशाळून म्हणाले, "उद्या काढतो गो, उद्याच." निघाली का, मला माहीत नाही. त्या पावसाळ्यात माझी कल्याणला बदली झाली. आबा अजून तिथेच आहेत असं ऐकतो. मी त्यांना पाहिलं ते त्या दिवशीचं शेवटचं.

पाठवणीच्या वेळी त्यांनी सुगंधाला गाडीत बसवलं, शालूचा काठ आत सारला आणि दार लावलं. गाडी निघाली. आम्ही अंगणातून हात हलवले. गाडी भातगिरणीला वळली, दिसेनाशी झाली, तसे सगळ्यांचे हात खाली आले. काकूंनी डोळे पुसले. मग लक्षात आलं की आबा आमच्यात नाहीत.

ते गच्चीच्या कठड्याशी उभे होते. या वेळी त्यांना कुणी पाठवलं नव्हतं.

"आबा, काय बिघडलं का?" शेटनी खालून हाक मारली.

आबांचं लक्ष रस्त्याकडे होतं. त्यांचा हात हलत होता. आम्हाला रस्ता गिरणीपर्यंतच दिसत होता. वरून त्यांना किती दिसत होता, देव जाणे. आचाऱ्यांनी भट्ट्या विझवल्या, मंडपवाल्याने खुर्च्या एकात एक रचल्या. मी माईकची वायर गुंडाळून पिशवीत टाकली आणि पुन्हा वर पाहिलं. हात आता हलत नव्हता. त्यांनी तो डोळ्यांवर आडवा धरला होता आणि दोन्ही टाचा उचलल्या होत्या.